चार डोकी, एकच कंगवा

प्रश्न: घरातल्या सगळ्यांचे केस धुण्याचं, विंचरण्याचं काम माझ्याकडे आहे आणि चार डोक्यांच्या चार तऱ्हा आहेत. माझं वय ३८, केस सरळ आणि बारीक. मोठा मुलगा १४ वर्षांचा. लहानपणी त्याचे केस सरळ आणि मऊ होते. गेल्या दीड वर्षात त्यांना लाटा यायला लागल्या, डोकं धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी तेलकट होतं आणि शर्टावर कोंडा पडतो. मुलगी ७ वर्षांची, केस खांद्यापर्यंत आणि घट्ट कुरळे. रोज सकाळी विंचरताना रडारड. आता ती म्हणते, ‘सगळे कापून टाक.’ नात्यातल्या बायका सांगतात, पार्लरमध्ये नेऊन कायमचे सरळ करून घे. धाकटं बाळ ५ महिन्यांचं. त्याच्या डोक्याला मागच्या बाजूला टक्कल पडलंय आणि त्याच्या जन्मानंतर माझे केस मूठमूठ गळताहेत. आमच्याकडे सगळ्यांना शाम्पू एक, तेल एक आणि कंगवाही एकच. नक्की चुकतंय कुठे?
— चार डोकी सांभाळणारी

उत्तर: शाम्पू एकच असला तर फार बिघडत नाही. बिघडतंय ते कंगव्यात आणि विंचरण्याच्या पद्धतीत. तुमचे केस सरळ, म्हणून तुमच्या हाताला सरळ केसांची सवय: कोरडे असताना वरून खाली कंगवा फिरवायचा. ती सवय मुलीच्या केसांवर चालत नाही आणि आता मुलाच्याही चालेनाशी झाली आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. शाम्पू असतो टाळूसाठी आणि कंडिशनर असतो केसांच्या लांबीसाठी. टाळू म्हणजे जिवंत त्वचा. ती तेल सोडते, तिला घाम येतो, तिच्यावर कोंडा धरतो. तिथून बाहेर आलेला केस मात्र निर्जीव धागा असतो. तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, त्याला फक्त जपता येतं. डोकं किती वेळा धुवायचं हे टाळू पाहून ठरवा, आणि धुतल्यावर काय लावायचं, कसं विंचरायचं हे लांबी पाहून. एकाच माणसाची टाळू तेलकट आणि टोकं कोरडी असू शकतात. कुरळ्या केसांत तर हे नेहमीचंच.

केसांचा प्रकार ओळखायला आंद्रे वॉकर या अमेरिकी केशरचनाकाराचा तक्ता सगळीकडे वापरतात: १ म्हणजे सरळ, २ लाटांचे, ३ कुरळे, ४ अगदी घट्ट गुंडाळीचे, आणि प्रत्येकात पुन्हा पोटप्रकार. बोलायला तो सोयीचा आहे, पण त्यात अडकू नका. एकाच डोक्यावर कपाळाशी एक आणि मानेवर दुसरा असे दोन-तीन प्रकार सर्रास सापडतात. शिवाय वळणापेक्षा दोन गोष्टी रोजच्या कामात जास्त उपयोगी पडतात: एक केस किती जाड आहे, आणि डोक्यावर किती दाट केस आहेत. एक केस चिमटीत धरून फिरवा. जेमतेम जाणवला तर बारीक, दोऱ्यासारखा स्पष्ट लागला तर जाड. न ओढता भांग पाडल्याबरोबर टाळू लख्ख दिसली तर केस विरळ, शोधावी लागली तर दाट. केस ग्लासभर पाण्यात टाकून तो तरंगतो की बुडतो हे पाहायची एक चाचणी इंटरनेटवर फिरते. ती सोडून द्या. केसावर थोडं तेल किंवा कंडिशनर राहिलेला असला तरी तो तरंगतो, त्यावरून केसाबद्दल काहीच कळत नाही.

आता मुलीचं, कारण खरं काम तिथेच आहे.

त्वचेखाली केस ज्या नळीतून वाढतो ती सरळ असेल तर केस सरळ येतो, बाकदार असेल तर वळण घेत येतो. कुरळ्या केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. केसाच्या बाहेरच्या आवरणात छपरावरच्या कौलांसारखे खवले एकावर एक बसलेले असतात, उघडी कड टोकाच्या दिशेला. सरळ केसात टाळूचं तेल या खवल्यांवरून टोकापर्यंत सहज पोचतं. कुरळ्या केसात त्याला प्रत्येक वळणावर अडायला होतं, म्हणून मुळाशी ठीकठाक असलेला केस खाली कोरडा पडतो. वळणावर खवले जरा उचललेले असतात, शेजारच्या केसात अडकतात, आणि गुंता होतो. असा कोरडा गुंता वरून खाली ओढला की तो सुटत नाही, खाली सरकत सरकत एकाच गाठीत आवळला जातो. मग केस तुटतो आणि मूळ ओढलं गेल्यामुळे पोरगी रडते. तिच्या रडण्याला हट्ट म्हणू नका, तिला खरंच दुखतंय.

म्हणून पहिला नियम: तिचे केस कोरडे असताना विंचरायचे नाहीत. रोज तर नाहीच. कंगवा आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि तोही केसांत कंडिशनर असताना.

धुणं ५ ते ७ दिवसांतून एकदा पुरे. मध्ये खेळून फार घाम आला तर नुसत्या पाण्याने टाळू धुऊन टोकांना कंडिशनर लावा. पहिले दोन-तीन वेळा पाऊण तास लागेल असं धरून चाला. हात बसला की निम्म्या वेळात होईल. तिला बसायला स्टूल द्या आणि हातात काहीतरी करायला द्या, नाहीतर दहाव्या मिनिटाला ती उठून पळेल.

धुण्याआधी अर्धा तास लांबीला तेल लावा. खांद्यापर्यंतच्या केसांना एक ते दीड चहाचा चमचा पुरतं, टाळूला चोपडायची गरज नाही. खोबरेल तेल यासाठी चांगलं, कारण ते केसाच्या आत थोडं शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाहून जातं. खनिज तेल किंवा सूर्यफुलाचं तेल वरवरच राहतं. काही केस मात्र खोबरेलाने काडीसारखे कडक होतात. तसं झालं तर तेल सोडून धुण्याआधी थोडा कंडिशनरच लावा. तेल लावताना बोटांनीच मोठे गुंते सैल करा आणि केसांचे चार भाग करून प्रत्येकाला क्लिप लावा. हे चार भाग शेवटपर्यंत मोडू नका. सगळे केस डोक्यावर गोळा करून फेस काढणं हेच धुतल्यानंतरच्या गुंत्याचं मोठं कारण असतं.

पाणी कोमट. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मि.ली. शाम्पू अर्धा कप पाण्यात मिसळा आणि भागांमधल्या भांगांत ओता. बोटांच्या टोकांनी, नखं न लावता, मिनिटभर फक्त टाळू चोळा. लांबीला वेगळा शाम्पू लावू नका. टाळूवरचा फेस खाली वाहून जातो तेवढ्याने ती स्वच्छ होते.

मग कंडिशनर, शाम्पूच्या तिप्पट-चौपट: १५ ते २० मि.ली. हे प्रमाण पाहून सरळ केसांची माणसं दचकतात, पण इथे कंजुषी केली की पुढचं सगळं फसतं. कानांच्या पातळीपासून टोकांपर्यंत प्रत्येक भागाला लावा, हाताला केस बुळबुळीत लागले पाहिजेत. लागत नसतील तर कंडिशनरपेक्षा पाणी कमी पडलंय असं समजा. चूळभर पाणी शिंपडा. तीन ते पाच मिनिटं थांबा आणि मोठ्या दातांचा कंगवा घ्या, दोन दातांत निदान ५ मि.मी. अंतर असलेला. एक बट हातात घ्या, गुंत्याच्या वर मुठीत घट्ट धरा आणि टोकाकडची चार बोटं लांबी आधी सोडवा. ती मोकळी झाली की वर सरका, पुन्हा चार बोटं. मूठ वर असल्यामुळे ओढ तुमच्या हाताला बसते, तिच्या डोक्याला बसत नाही. सोडवलेल्या भागाला सैल पीळ घालून क्लिप लावा आणि पुढचा भाग घ्या. एखाद्या केसाची स्वतःभोवतीच बारीक गाठ बसलेली दिसेल. ती सुटत नाही. गाठीच्या जरा वर धारदार कात्रीने कापून टाका. ओढलीत तर केस तिथे चिरतो आणि चीर वर चढत जाते.

केस धुऊन काढताना शेवटची किंचित बुळबुळ राहिली तरी चालेल. टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुना सुती टी-शर्ट घेऊन केस खालून वर मुठीत दाबा आणि पाणी टिपून घ्या. केस अजून ओले निथळत असतानाच लीव्ह-इन, म्हणजे लावल्यावर धुवायचा नसलेला कंडिशनर अर्धा चमचा तळहातावर पसरून लावा, वर हवं तर तेवढंच जेल, आणि बटा पुन्हा खालून वर दाबा. यानंतर पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, तिनेही नाही, तुम्हीही नाही. केस भिजला की त्याच्या आतले हायड्रोजन बंध तुटतात आणि वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. अर्धवट ओल्या केसांत बोटं घातलीत तर बट मोडते, प्रत्येक केस आपापला वाळतो आणि डोकं पिंजारतं. जेल वाळून बटा कडक लागल्या तर घाबरू नका. पूर्ण वाळल्यावर मुठीत हलकेच चुरगळल्या की त्या मऊ होतात. ड्रायर वापरायचा तर तोंडाला डिफ्यूझर, म्हणजे हवा पसरवणारा जोड लावून, कमी उष्णतेवर. अगदी ओल्या केसांवर गरम इस्त्री कधीच फिरवू नका. केसातल्या पाण्याची वाफ होऊन आत फुगे येतात आणि केस तिथेच मोडतो.

आता सकाळचं. २०० मि.ली. पाण्यात चहाचा एक चमचा कंडिशनर हलवून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. विस्कटलेल्या बटांवर फवारा मारा, बोटांनी आकार द्या, झालं. हे मिश्रण दोन-तीन दिवसांत टाकून नवं करा. पाण्याने पातळ केल्यावर कंडिशनरमधलं संरक्षक रसायन पुरत नाही आणि त्यात जंतू वाढतात. रात्री दोन सैल वेण्या आणि साटीनची उशी, किंवा साटीनचा रुमाल. सुती अभ्र्यावर घासून सकाळचा अर्धा गुंता होतो, तो इथे वाचतो.

शाळेसाठी केस बांधावे लागतातच. पण रोज त्याच जागी करकचून पोनी बांधू नका. कानशिलांवर बारीक पुटकुळ्या येणं, केसांच्या कडेला आखूड तुटके केस दिसणं, केस सोडल्यावर डोकं दुखणं, ही मुळं ओढली जात असल्याची खूण. वेळेवर सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर तिथली मुळं कायमची मरतात. रबर कापडाचं घ्या, धातूचा जोड नसलेलं.

दीड-दोन महिन्यांनी बटा एकदम जड, चिकट, निर्जीव वाटू लागतील. कंडिशनर आणि जेलचे थर साचले की असं होतं. पाणी जड असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारही बसतात आणि केस राठ लागतो. महिन्यातून एकदा थर काढणारा, म्हणजे क्लॅरिफाइंग शाम्पू वापरा. क्षारांसाठी घटकांत ईडीटीए, म्हणजे क्षार धरून काढणारं रसायन, लिहिलेला घ्या. त्या दिवशी कंडिशनर जरा जास्त वेळ ठेवा. ‘प्रोटीन’चे मुखवटे मात्र दर आठवड्याला लावत बसू नका, त्यांनी केस ताठर होऊन उलट मोडायला लागतात.

कायमचे सरळ करण्याबद्दल: नाही. सात वर्षांच्या मुलीला तर मुळीच नाही. रिलॅक्सर हे तीव्र अल्कधर्मी क्रीम असतं आणि त्याने टाळू भाजू शकते. ‘केराटिन’ नावाने चालणाऱ्या अनेक उपचारांत फॉर्माल्डिहाइड असतं, किंवा इस्त्री फिरवल्यावर ते तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलेलं आहे. बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’ लिहून आत ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरतात, आणि ते वापरल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. हे सगळं बाजूला ठेवलं तरी हिशेब जमत नाही. केस महिन्याला साधारण १ सें.मी. वाढतो आणि नवा केस कुरळाच येतो. सहा महिन्यांत वर ६ सें.मी. कुरळं, खाली सरळ आणि कमकुवत झालेलं, आणि दोन्हींच्या सांध्यावर तुटणं. त्यात आणखी चार-पाच वर्षांत ती वयात येईल आणि तिचे केस आपणहून बदलतील. नात्यातल्या बायकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मुलीसमोर तिच्या केसांना ‘जंगल’ म्हणायचं नाही एवढं मात्र त्यांना बजावा.

आणि तिला कापायचेच असतील तर खुशाल कापा, तिचं डोकं आहे. फक्त कापून केसांचा प्रकार बदलत नाही आणि ते दाटही होत नाहीत, हे तिला आधी सांगा. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून जाड भासतं, एवढंच. घट्ट कुरळे केस वाळल्यावर ओल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत आखडू शकतात. म्हणून ओले ताणून कापू देऊ नका. कोरडे, बटा मोकळ्या असताना कापून घ्या आणि हव्या त्या लांबीपेक्षा दोन बोटं जास्त ठेवायला सांगा. फार आखूड केलेले घट्ट कुरळे केस खाली बसत नाहीत, बाहेर उभे राहतात. ते तिला आवडतील का, हेही विचारा.

मुलाचं काम सोपं आहे. किशोरवयात संप्रेरकांमुळे टाळूच्या तेलग्रंथी जोरात काम करतात आणि केसाची जाडी, वळण दोन्ही बदलू शकतं. सरळ केसांना लाटा येणं हे त्यातलंच. तेलकट झालं की धुवायचं, रोज धुतलं तरी चालेल. रोज धुतल्याने केस गळतात ही भीती निराधार आहे. धुताना दिसतात ते आधीच सुटलेले केस असतात. कोंड्यासाठी २ टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, असं दोन ते चार आठवडे. बहुतेक मुलं तो डोक्याला लावून लगेच धुऊन टाकतात आणि मग ‘उपयोग होत नाही’ म्हणतात. फेस टाळूवर तीन ते पाच मिनिटं राहिला पाहिजे. कोंडा गेला की आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा, म्हणजे परत येत नाही. तोवर टाळूला तेल लावणं पूर्ण बंद. कोंड्यामागे जी मालासेझिया नावाची बुरशी असते तिला तेलच लागतं, म्हणून ‘कोरडं पडलंय, तेल लाव’ हा सल्ला इथे उलटा पडतो. हा औषधी शाम्पू त्याच्यापुरताच ठेवा, बहिणीला लावू नका. लाटांसाठी: डोकं ओलं असतानाच मोठ्या दातांनी एकदा विंचरायचं, टोकांना वाटाण्याएवढा कंडिशनर, आणि वाळल्यावर कंगवा नाही. कपाळाच्या कडेला जेल किंवा वॅक्स थापलं की तिथे मुरुमं येतात, हे त्याला सांगून ठेवा. ऐकेल न ऐकेल.

बाळाचं टक्कल विसरून जा. जन्माच्या सुमाराला डोक्याच्या मागच्या भागातले केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. उताणं झोपून घासल्याने ते जरा जास्त उठून दिसतं. बाळाला उताणंच झोपवायचं, टकलासाठी कुशीवर वळवू नका. काही महिन्यांत तिथे केस येतात. जावळावरून पुढचे केस ओळखता येत नाहीत. पोत दोन-तीन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही बदलत राहतो, आणि आईवडील दोघांचे केस सरळ असूनही मूल कुरळं निघू शकतं. डोक्यावर पिवळट, तेलकट खपल्या धरल्या असतील तर बाळाचं तेल १५ मिनिटं लावून ठेवा, मऊ ब्रशने फिरवा आणि बाळाच्या शाम्पूने धुवा. नखाने खरवडू नका आणि तेल रात्रभर ठेवू नका.

आता तुम्ही. एरवी डोक्यावरचे बहुतेक केस वाढीच्या अवस्थेत असतात, थोडे विश्रांतीत, आणि दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे सामान्य. गरोदरपणात संप्रेरकांमुळे वाढीची अवस्था लांबते, म्हणून त्या काळात केस दाट वाटतात. बाळंतपणानंतर ते थांबलेले केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी एकदम गळायला लागतात. तुमचं पाचव्या महिन्यातलं गळणं या वेळापत्रकात अचूक बसतं. मूळ शाबूत असतं, त्यामुळे बहुतेकींचे केस बाळ वर्षाचं होईपर्यंत भरून येतात. मध्यंतरी कपाळावर आखूड केसांची झालर उभी राहील. ते तुटके केस नाहीत, नवे आहेत, त्यांना पिना लावून दाबू नका.

गळतात म्हणून धुणं लांबवणं ही इथली नेहमीची चूक. चार दिवसांचे सुटलेले केस मग एकाच दिवशी हातात येतात आणि पोटात गोळा येतो. बारीक सरळ केसांना आठवड्यातून दोन-तीन वेळा शाम्पू लागतोच, कारण थोडं तेलही त्यांना चिकटवून टाळू दाखवतं. कंडिशनर एक चमचा, फक्त खालच्या निम्म्या लांबीला, आणि पूर्ण धुऊन काढायचा. मुलीला लावता तसा जड कंडिशनर तुमच्या केसांना लावलात तर ते चपटे बसतील. आणि विंचरणं मुलीच्या उलट: तुम्ही केस जवळजवळ वाळल्यावर विंचरा. ओला केस जास्त ताणला जातो आणि कमजोर असतो. सरळ केसांत ओलेपणी विंचरून काही मिळवायचं नसतं, कुरळ्यांत मात्र कंडिशनरची बुळबुळ तो धोका भरून काढते.

डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. बाळंतपणानंतर लोह कमी पडणं आणि थायरॉइड बिघडणं दोन्ही होतं, आणि दोन्हींनी गळणं लांबतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी तसं सांगा. मोठ्या मात्रेतल्या बायोटिनने थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येतात. बाळ अंगावर पीत असेपर्यंत मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध किंवा कुठलीही केसांची गोळी आपल्या मनाने सुरू करू नका. पुढे वय वाढेल तसं टाळूचं तेल कमी होईल आणि पांढरे केस राठ लागतील. तेव्हा धुण्यातलं अंतर वाढवा आणि कंडिशनर थोडा वर चढवा. रंग लावायचा झाला तर दरवेळी कानामागे चाचणी घेऊन ४८ तास थांबा. आधी कधी त्रास झाला नाही म्हणून पुढे होणार नाही असं केसांच्या रंगातल्या पीपीडी या रसायनाच्या बाबतीत नसतं.

कंगवे प्रत्येकाचे वेगळे करा, आजच. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरात एका कंगव्यातून उवा फिरू शकतात आणि टाळूची बुरशी तर नक्कीच. उवा उड्या मारत नाहीत, रांगत जातात, आणि केस सरळ असोत की कुरळे, उवा होऊ शकतात. उवा निघाल्या तर मुलीच्या कंडिशनरच्या दिवशीच, गुंता सोडवून झाल्यावर, बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवा आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसून पाहा. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. लिखा फुटायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून एकदा करून थांबलात तर नव्या उवा राहतातच. मारायचं औषध लावलंत तरी ते बहुतेकदा आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. कंगवे निदान ५५ अंश सेल्सियसच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा.

काही गोष्टींसाठी वाट पाहू नका. मुलांच्या डोक्यावर गोल, खपली धरलेला, तुटक्या केसांचा चट्टा दिसला तर ती बहुधा बुरशी. तिला पोटातून औषध लागतं, मलम मुळाच्या आत पोचत नाही. अगदी गुळगुळीत गोल चट्टा म्हणजे बहुधा चाई, तीही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. टाळूवर पू, दुखणं किंवा व्रण पडल्यासारखी चकाकी असेल तर त्याच आठवड्यात जा. तुमचं गळणं बाळ वर्षाचं झाल्यावरही थांबलं नाही, किंवा भांग रुंद होत गेला, तर तुम्हीही जा. त्यासाठी आत्तापासून महिन्यातून एकदा, त्याच खिडकीच्या उजेडात, मध्ये भांग पाडून वरून फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना त्यावरून कळेल तेवढं ‘फार गळतात हो’ या वाक्यावरून कळत नाही.